'ओझिमँडियस' कशी वाचावी: शेलीच्या चौदा ओळींचा पायरीपायरीने अभ्यास

इंग्रज कवी पर्सी बिश शेलीची 'ओझिमँडियस' ही कविता मिनिटभरात वाचून होते. वाळवंटात मोडून पडलेला पुतळा, त्याखाली राजाची बढाई आणि भोवती नुसती वाळू. 'गर्वाचं घर खाली' हा निष्कर्ष पहिल्याच वाचनात हाती लागतो आणि बहुतेकांचा अभ्यास तिथेच संपतो. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात ही कविता बराच काळ होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना ती जीसीएसई या तिथल्या शालेय परीक्षेच्या 'सत्ता आणि संघर्ष' या गटात भेटते. दोन्हीकडच्या उत्तरपत्रिकांत एकच वाक्य फिरतं: सत्ता क्षणभंगुर आहे. ते चूक नाही, पण त्यासाठी चौदा ओळी कशाला लागल्या, हे त्यातून कळत नाही. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

तीन बैठका पुरतात, प्रत्येकी पाऊण तासाची. पहिलीत मजकूर आणि वाक्यं, दुसरीत क्रियापदं, आवाज आणि लय, तिसरीत पार्श्वभूमी आणि लेखन. घाई असेल तर तिसरीतली पार्श्वभूमी आटोपती घ्या, पहिली मात्र नको.

पहिली बैठक: मजकूर हाताने उतरवा

छापील प्रत समोर असली तरी कविता वहीत इंग्रजीतून स्वतःच्या हाताने लिहा. प्रत्येक ओळीखाली दोन ओळी मोकळ्या सोडा आणि डावीकडे १ ते १४ आकडे घाला. एकच प्रत धरून चला. १८१८ च्या वर्तमानपत्रातला मजकूर, १८१९ च्या पुस्तकातला मजकूर आणि नंतरच्या आवृत्त्या यांत स्वल्पविराम, मोठी अक्षरं आणि अवतरणचिन्हं यांचे फरक आहेत. दोन संकेतस्थळांवरून अर्धी-अर्धी कविता उचलली की चिन्हांची सरमिसळ होते, आणि या कवितेत चिन्हांवर बरंच काही अवलंबून आहे.

मग मोठ्याने तीनदा वाचा. पहिल्यांदा ओळीपाशी थांबत. दुसऱ्यांदा ओळ विसरून फक्त चिन्हांपाशी थांबत. तिसऱ्यांदा, कोण बोलतंय ते लक्षात घेऊन आवाज बदलत. दुसऱ्या वाचनातच जाणवेल की दुसऱ्या ओळीच्या शेवटी वाक्य संपत नाही. 'लेग्ज ऑफ स्टोन' नंतर 'स्टँड इन द डेझर्ट' असं ते पुढच्या ओळीत जातं आणि ओळीच्या मध्येच तुटतं. पाय उभे आहेत, वाक्य मात्र धडाशिवाय थांबलं आहे.

उच्चाराच्या दोन जागा आधीच पक्क्या करा. नावात जोर 'मँ' वर आहे, आणि दहाव्या ओळीत शेवटचं 'डियस' जवळजवळ एका झटक्यात म्हणायचं. सहाव्या ओळीच्या शेवटी 'रेड' म्हणायचं, 'रीड' नाही. ते भूतकाळाचं रूप आहे आणि आठव्या ओळीतल्या 'फेड' शी त्याचं यमक जुळतं. अनेक जण वर्गात 'रीड' वाचतात, यमकही मोडतात आणि अर्थही.

वाक्यं मोजा, ओळी नव्हे

आता कविता गद्यात उतरवा, मराठीत. सुंदर मराठी करायचं नाही. कोण, काय, कुठे एवढंच नीट लावायचं. साधारण असं होईल:

प्राचीन देशातून आलेला एक प्रवासी मला भेटला. तो म्हणाला: दगडाचे दोन प्रचंड, धड नसलेले पाय वाळवंटात उभे आहेत. त्यांच्याजवळ वाळूत अर्धा रुतलेला, फुटलेला एक चेहरा पडला आहे. त्याच्या कपाळावरची आठी, मुरडलेला ओठ आणि थंड हुकमतीचा तुच्छ भाव सांगतात की शिल्पकाराने ते विकार नेमके ओळखले होते. चौथऱ्यावर शब्द दिसतात: माझं नाव ओझिमँडियस, राजांचा राजा; बलवंतांनो, माझी कामं बघा आणि निराश व्हा! याखेरीज काही उरलेलं नाही. त्या महाकाय भग्नावशेषाभोवती एकाकी, सपाट वाळू दूरवर पसरली आहे, अमर्याद आणि उघडी.

या गोषवाऱ्यात मुद्दाम एक भोक ठेवलं आहे. सातवी आणि आठवी ओळ त्यात जवळजवळ नाहीच. विद्यार्थी नेमक्या तिथेच अडखळतात, म्हणून त्या दोन ओळी स्वतंत्रपणे सोडवू.

सातवी ओळ म्हणते 'विच येट सर्व्हाइव्ह, स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज', आणि आठवी 'द हँड दॅट मॉक्ड देम, अँड द हार्ट दॅट फेड'. नवा वाचक 'सर्व्हाइव्ह' चा अर्थ 'टिकून आहेत' असा घेतो, वाक्य तिथेच संपलं असं समजतो आणि आठवी ओळ अधांतरी लटकते. 'हात, ज्याने… आणि हृदय, ज्याने…' पण पुढे काय? पुढे काहीच नाही, कारण ती ओळ मागच्या क्रियापदाचं कर्म आहे. इंग्रजीत 'सर्व्हाइव्ह' ला कर्म मिळालं की अर्थ होतो 'कुणाच्या तरी पश्चात उरणं'. नवऱ्याच्या पश्चात बायको उरली, तसं. म्हणजे विकार उरले आहेत दोघांच्या पश्चात: एक तो हात आणि दुसरं ते हृदय.

वहीत बाणांनी हे दाखवा. 'विच' पासून 'पॅशन्स' कडे बाण. 'सर्व्हाइव्ह' पासून 'हँड' कडे एक आणि 'हार्ट' कडे एक. मधलं 'स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज' कंसात टाका. ते वाक्याच्या मध्ये घुसलेलं आहे म्हणूनच गोंधळ होतो. मग हात कुणाचा? शिल्पकाराचा. हृदय कुणाचं? राजाचं, ज्याने ते विकार पोसले. 'फेड' चं कर्म शेलीने लिहिलेलंच नाही. 'मॉक्ड' नंतरचं 'देम' च तिथेही धरायचं.

आता पूर्ण वाक्य: 'निर्जीव दगडावर उमटलेले ते विकार, त्यांची नक्कल करणारा हात आणि त्यांना पोसणारं काळीज, या दोघांच्याही मागे उरले आहेत.' एवढं साधलं की कविता 'सगळं नष्ट होतं' असं म्हणतच नाही, हे दिसतं. राजा गेला, शिल्पकारही गेला. राजाचा अहंकार, त्याचा थंडपणा मात्र दगडात तसाच आहे. ही बाब दिलासा देणारी नाही, आणि नेमकी तीच 'क्षणभंगुर' या शब्दाखाली दडपली जाते.

'मॉक्ड' या शब्दाला शेलीच्या इंग्रजीत दोन अंगं आहेत: हुबेहूब नक्कल करणं आणि चेष्टा करणं. दोन्ही एकदम चालू ठेवा. फक्त चेष्टा धरली तर शिल्पकार बंडखोर ठरतो आणि त्याचा आधार कवितेत या एका शब्दापलीकडे नाही. फक्त नक्कल धरली तर त्या तुच्छ ओठाकडे बघताना येणारी शंका हरवते: राजाने हा पुतळा मान्य केला, तेव्हा शिल्पकाराने काय पाहिलंय हे त्याच्या ध्यानात आलं होतं का?

दुसरी बैठक: क्रियापदांचा तक्ता

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. माणसांनी केलेल्या क्रियांखाली एक रंग, वस्तूंच्या क्रियांखाली दुसरा. लांबलचक टिपणांपेक्षा हा दहा मिनिटांचा उद्योग जास्त देऊन जातो.

माणसांच्या क्रिया: मेट, सेड, रेड, मॉक्ड, फेड. भेटला, म्हणाला, ओळखले, नक्कल केली, पोसले. सगळ्या भूतकाळी.

वस्तूंच्या क्रिया: स्टँड, लाइज, टेल, सर्व्हाइव्ह, अपिअर, रिमेन्स, स्ट्रेच. उभे आहेत, पडला आहे, सांगतात, उरले आहेत, दिसतात, उरत नाही, पसरते. सगळ्या वर्तमानकाळी.

कवितेतला प्रत्येक माणूस भूतकाळात गेला आहे, प्रवासी आणि 'मी' सुद्धा. दगड, चेहऱ्यावरचे भाव, अक्षरं आणि वाळू वर्तमानात आहेत. काळ सरतो हे कुठल्याही ओळीत सांगितलेलं नाही. ते व्याकरणात आहे. उत्तरात हा मुद्दा तीन-चार क्रियापदांसह मांडला तर परीक्षकाला पाठ केलेल्या मजकुराचा वास येत नाही.

तक्त्याबाहेर राजाचं वाक्य उरतं. त्यात 'इज' आहे आणि दोन आज्ञा आहेत: बघा, निराश व्हा. आज्ञेला ऐकणारा लागतो. इथे आज्ञा तशीच चालू आहे, समोर कुणी नाही. आणि ज्या 'कामां'कडे बघायचं तीही नाहीत. म्हणून 'डिस्पेअर' दोन दिशांनी काम करतं. राजाच्या मनातला अर्थ: माझी बरोबरी होणार नाही, म्हणून हताश व्हा. आज वाचणाऱ्या बलवंताला लागू होणारा अर्थ: तुमचंही असंच होणार, म्हणून हताश व्हा. शब्द तेच, भोवतालची इमारत पडली आणि अर्थ उलटला. उपरोध हा शब्द लिहायचा असेल तर तो इथे लिहा, कवितेभर शिंपडू नका.

कोण बोलतंय

डब्यात डबा अशी रचना आहे. बाहेर 'मी', त्याच्या आत प्रवासी, त्याच्या आत चौथऱ्यावरचा लेख. 'मी' ला फक्त पहिली ओळ आणि 'हू सेड' एवढंच मिळतं. नंतर तो परतच येत नाही. राजाला दोन ओळी. बाकी सगळं प्रवाशाचं. शिल्पकार बोलत नाही, पण चेहरा त्याने घडवला आहे, म्हणजे त्याचंही म्हणणं तिथे आहेच.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे 'कवी इजिप्तला गेला आणि त्याने पुतळा पाहिला' असं लिहिणं. शेली इजिप्तला कधीच गेला नाही. कवितेतल्या 'मी' नेही पुतळा पाहिलेला नाही. त्याने पाहणाऱ्याकडून ऐकलं आहे. राजाची बढाई आपल्यापर्यंत पोहोचते ती तिसऱ्या हातून. एवढा प्रचंड राजा, आणि त्याची खबर कुणा अनोळखी वाटसरूच्या बोलण्यातून.

लय मोजताना मराठी कान कुठे फसतो

आपल्याला अक्षरगणवृत्तांची सवय असते: ऱ्हस्व स्वर लघु, दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षराआधीचं गुरू. ते गणित इथे चालत नाही. इंग्रजीत स्वराची लांबी मोजायची नाही, आघात मोजायचा. शिवाय देवनागरीत 'वर्क्स' लिहिलं की तीन-चार अक्षरं दिसतात, पण उच्चारात तो एकच खंड आहे. म्हणून टाळी वाजवत मोजा, कागदावर बघून नको.

या कवितेची ओळ दहा खंडांची, हलका-जड अशा पाच जोड्यांची. शेवटची ओळ घ्या: द लोन अँड लेव्हल सँड्स स्ट्रेच फार अवे. द, लोन, अँड, ले, व्हल, सँड्स, स्ट्रेच, फार, अ, वे. दहा. जोर 'लोन', 'ले', 'सँड्स', 'फार' आणि 'वे' वर. 'स्ट्रेच' नियमाने हलका असायला हवा, पण तोंडात तोही जड पडतो, त्यामुळे तीन जड खंड एकापाठोपाठ येतात आणि ओळ रेंगाळते. पहिली ओळ मोजताना अकरा भरले तर घाबरू नका. 'ट्रॅव्हलर' दोन खंडांत म्हटला की दहा होतात. त्याच ओळीतल्या 'अँटीक' वर आज आपण दुसऱ्या भागावर जोर देतो, पण इथे लय पहिल्या भागावर जोर मागते.

नियम कळला की मोडलेल्या जागा शोधा. अकरावी ओळ 'लुक' या जड खंडाने सुरू होते. हुकूम आहे, हलक्या पावलाने कसा येणार? बाराव्या ओळीत तर असं दोनदा होतं. 'नथिंग' जडाने सुरू, 'रिमेन्स' नंतर पूर्णविराम, मग 'राउंड' पुन्हा जडाने. कवितेतलं सगळ्यात छोटं वाक्य इथेच आहे, तीन शब्दांचं: 'नथिंग बिसाइड रिमेन्स'. त्याआधी तिसऱ्या ओळीपासून लांबत गेलेलं वाक्य, मग राजाची दोन ओळींची गर्जना, आणि मग हे. मोठ्याने वाचताना या पूर्णविरामावर मनात दोन आकडे मोजा.

'बिसाइड' म्हणजे 'शेजारी' नव्हे. इथे तो 'खेरीज' या अर्थाने आहे. 'शेजारी काही नाही' असा अनुवाद केला तरी चित्र फारसं बिघडत नाही, म्हणून ही चूक सहज निसटते.

सुनीत (सॉनेट) आहे, पण कुठल्या जातीचं?

चौदा ओळी म्हटल्या की विद्यार्थी लगेच 'शेक्सपिअरच्या पद्धतीचं' किंवा इटालियन कवी 'पेट्रार्कच्या पद्धतीचं' असा शिक्का मारतात. दोन्ही चूक. ओळींचे शेवटचे शब्द उभे लिहून काढा आणि यमकांना अक्षरं द्या: अ ब अ ब अ क ड क इ ड इ फ इ फ. पेट्रार्कच्या पद्धतीत पहिल्या आठ ओळी आपल्यापुरत्या बंद होतात आणि उरलेल्या सहा नवीन यमकं घेतात. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार-चार आणि शेवटी दोन. इथे सातव्या ओळीतलं 'थिंग्ज' आठवी ओळ ओलांडून दहाव्या ओळीतल्या 'किंग्ज' ची वाट बघतं. दोन खोल्यांमधली भिंतच पाडलेली आहे. शिवाय 'निर्जीव वस्तू' आणि 'राजे' यांचं यमक जुळवलं आहे, हेही नोंदवायला हरकत नाही.

यमकं सगळी चोख नाहीत. 'स्टोन' आणि 'फ्राउन', 'अपिअर' आणि 'डिस्पेअर' ही अर्धवट जुळतात. 'सँड' आणि 'कमांड' आजच्या ब्रिटिश उच्चारात लिहिण्यात जुळतात, कानाला नाही. 'रचना मोडकी आहे कारण पुतळा मोडका आहे' असं लिहिण्याचा मोह होतो. लिहा, पण 'असं वाचता येतं' या सुरात. शेलीने तसं कुठे सांगितलेलं नाही.

सुनीतात विचार जिथे दिशा बदलतो, ते वळण इथे कुठे आहे? नेहमीच्या जागी, नवव्या ओळीत, चौथऱ्यावरचा लेख सुरू होतो. पण खरी कलाटणी बाराव्या ओळीत 'नथिंग' ला बसते. दोन्ही जागा सांगा आणि दुसरी का महत्त्वाची ते एका वाक्यात लिहा.

'लेस' ने संपणारी तीन विशेषणं राहिली: ट्रंकलेस, लाइफलेस, बाउंडलेस. पहिलं पुतळ्याला धड नाही म्हणून, दुसरं दगडात जीव नाही म्हणून. तिसऱ्याला सीमा नाही, आणि ते वाळूचं आहे. पहिली दोन उणीव सांगतात, तिसरं अफाटपणा. दुसऱ्या ओळीत 'व्हास्ट' हा शब्द राजाच्या पायांना होता. शेवटी मोठेपणा वाळूकडे गेला.

तिसरी बैठक: पार्श्वभूमी, आणि ती शेवटीच

पार्श्वभूमी आधी वाचली की कविता तिचं उदाहरण होऊन बसते. म्हणून मजकूर पचल्यावर इतिहास. तोही एवढा पुरतो.

ओझिमँडियस हे प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या 'उसरमाआत्रे' या राजनामाचं ग्रीक रूप. त्याने सुमारे इ.स.पू. १२७९ ते १२१३ असं सहासष्ट वर्षं राज्य केलं. लक्सरजवळ, नाईलच्या पश्चिम काठावरच्या त्याच्या मंदिराला आज रामसेअम म्हणतात; तिथे त्याचा प्रचंड पुतळा कोसळलेला आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने त्या पुतळ्याचं वर्णन केलं आणि त्यावरचा लेख दिला: राजांचा राजा मी, मी किती थोर आणि कुठे निजलो आहे हे जाणायचं असेल त्याने माझ्या एखाद्या कामाला मागे टाकावं.

शेजारी शेलीच्या दोन ओळी ठेवा. डायोडोरसचा राजा आव्हान देतो: मागे टाकून दाखवा. शेलीचा राजा निकालच देऊन टाकतो: निराश व्हा. डायोडोरसचा पुतळा बसलेला आहे, त्याच्या दगडात एकही भेग वा डाग नाही असं तो कौतुकाने सांगतो. शेलीने तो उभा केला, फोडला आणि भोवतालचं सगळं पुसून टाकलं. प्रत्यक्षात रामसेअम शेतजमिनीच्या कडेला आहे, आजूबाजूला खांब, भिंती, इतर अवशेष आहेत. कवितेतली रिकामी वाळू शेलीची.

एक गैरसमज हमखास भेटतो: शेलीने ब्रिटिश म्युझियममधलं रामसेसचं शीर पाहिलं आणि कविता लिहिली. ते सात टनांहून जास्त वजनाचं शीर इटालियन शोधक जोव्हानी बेल्झोनीने १८१६ मध्ये थिब्जहून (आजच्या लक्सरहून) हलवलं खरं, पण लंडनला ते १८१८ मध्ये पोहोचलं. कविता त्याआधीची, डिसेंबर १८१७ च्या अखेरची. ती ११ जानेवारी १८१८ ला ली हंटच्या 'एक्झॅमिनर' या साप्ताहिकात 'ग्लिरास्टीस' या टोपणनावाने छापून आली. शीर येणार ही चर्चा तेव्हा होती, एवढंच म्हणावं. आणि त्या शिराचा चेहरा शांत, किंचित हसरा आहे. आठी नाही, तुच्छ ओठ नाही.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी. इजिप्तची चित्रलिपी फ्रेंच अभ्यासक शांपोल्यनने १८२२ मध्ये उलगडली, म्हणजे शेली इटलीच्या समुद्रात बुडाला त्याच वर्षी. कविता लिहिली तेव्हा रामसेसच्या भिंतींवरचा खरा मजकूर कुणालाच वाचता येत नव्हता. ओळख होती ती फक्त ग्रीकांनी सांगितलेल्या नावाची.

इंग्लंडकडेही एक नजर टाका. वॉटर्लूची लढाई १८१५ ला झाली होती, हरलेला नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत होता, गादीवर वेडा झालेला तिसरा जॉर्ज आणि कारभार राजपुत्राकडे. शेली राजेशाहीचा कडवा विरोधक. पण कवितेत यातलं एकही नाव नाही, म्हणून 'ओझिमँडियस म्हणजे नेपोलियन' असं ठोकून लिहू नका. 'त्या वेळच्या वाचकाला नेपोलियन आठवला असेल' इथपर्यंत जाता येतं.

स्मिथची कविता शेजारी ठेवून बघा

ही कविता शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ यांच्या मैत्रीपूर्ण चढाओढीतून आली. विषय एक, प्रकार एक. स्मिथ शेअर दलाल होता आणि लेखकही. त्याचं सुनीत 'एक्झॅमिनर' मध्येच १ फेब्रुवारी १८१८ ला आलं. त्यात एकच प्रचंड पाय वाळवंटात उभा आहे, शहर नाहीसं झालं आहे. मग स्मिथ थेट सांगतो की उद्या लंडनही असंच ओस पडेल, लांडग्याचा पाठलाग करणारा एखादा शिकारी तिथले दगड बघून थांबेल आणि इथे कोण राहत होतं याचा अंदाज बांधेल.

दोन्ही कविता वाचून वहीत तीन रकाने पाडा: चेहरा, शिल्पकार, 'आपण'. स्मिथकडे चेहरा नाही, शिल्पकार नाही, 'आपण' आहे. शेलीकडे बरोबर उलट. स्मिथने धडा वाचकाच्या हातात दिला. शेलीने प्रवाशाला वाळूपाशीच सोडलं, 'मी' ला परत बोलावलं नाही, लंडनचं नावही घेतलं नाही. शिकाऱ्याची कल्पना चांगली आहे, तरी स्मिथची कविता आज वाचली जाते ती मुख्यतः शेलीमुळे, आणि हा तक्ता त्याचं बरंचसं कारण दाखवतो.

उत्तर लिहिताना

प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात: कवितेतला नेमका शब्द, तो काय करतो, आणि त्यामुळे सत्ता, गर्व किंवा काळ याबद्दल काय कळतं. कच्चं वाक्य असं असतं: 'कवीने अनुप्रासाचा सुंदर वापर केल्याने कविता प्रभावी झाली आहे.' यात शब्द नाही, काम नाही, निष्कर्ष नाही. कुठल्याही कवितेला चिकटेल. तेच असं लिहा: 'बाउंडलेस–बेअर, लोन–लेव्हल अशा जोड्यांनी शेवटच्या ओळी एकसुरी आणि लांब होतात, राजाच्या तुटक आज्ञेनंतर हा सपाट आवाज ऐकू येतो, आणि शेवटचा शब्द राजाला न मिळता वाळूला मिळतो.'

पाऊण तासाचं उत्तर असेल तर चार मुद्दे भरपूर झाले. चेहरा आणि शिल्पकार, राजाची आज्ञा आणि तिचा उलटलेला अर्थ, क्रियापदांचे काळ, बारावी ओळ. शेलीचं चरित्र दोन वाक्यांपेक्षा जास्त नको. त्याला १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढलं होतं ही माहिती खरी आहे, पण या चौदा ओळींबद्दल ती फारसं सांगत नाही. 'ओझिमँडियस क्रूर होता' असं सरळ विधानही टाळा. कवितेत त्याचं एकही कृत्य नाही. आठी, ओठ आणि दोन ओळींची भाषा आहे. 'त्याच्या चेहऱ्यावर शिल्पकाराने थंड हुकमत टिपली' हे सिद्ध करता येतं.

तुलनेसाठी दुसरी कविता निवडायची मुभा असेल तर शेलीचंच 'इंग्लंड इन १८१९' घ्या. तेही सुनीत, तिथे राजाचं नाव न घेता पहिल्याच ओळीत त्याला म्हातारा, वेडा, आंधळा म्हटलं आहे, आणि ते छापलं गेलं १८३९ मध्ये, शेलीच्या मृत्यूनंतर. मराठीत तुलना करायची असेल तर केशवसुतांचं १८९२ चं 'मयूरासन आणि ताजमहाल' वाचा. मराठीतलं पहिलं सुनीत म्हणून ते ओळखलं जातं आणि त्यातही एका बादशहाने मागे ठेवलेल्या वस्तूच समोर आहेत. तिथेही आधी क्रियापदांचा तक्ता मांडा.